गाडी शिकायला कुणी येईना

चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीच्या सुमारास आमच्या गावातली पोरं मोटरसायकल शिकायची म्हणून संध्याकाळपासून माझ्या ओट्यावर येऊन बसायची. नव्वद उजाडलं तेव्हा तीच मोटरसायकल त्याच ओट्यासमोर उभी होती, किल्ली दारामागच्या खुंटीला होती, आणि गावातला एकही तरुण तिला हात लावत नव्हता. तुमच्या गावच्या पोरांना गाडीची आवड कशी नाही, असं पुढे बाहेरगावचे लोक विचारत. मी काहीतरी सांगून वेळ मारून नेत असे. जे झालं ते असं.

गाव फैजपूरपासून तीन कोसांवर, केळीच्या बागांच्या मधोमध. एका वर्षी घड चांगले भरले, भावही टिकला, आणि नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, जळगावहून काळ्या टाकीची मोटरसायकल आणली. गावातली ती पहिली. मी तेव्हा वीस वर्षांचा होतो, कॉलेज अर्धवट सोडून शेती बघत होतो. केळी भरायला ट्रक लागायचे त्या मोकळ्या जागेत मी स्वतः आधी चार दिवस पडलो-झडलो, आणि मग गल्लीतल्या पोरांना शिकवायला लागलो. सात-आठ जण शिकले. त्यात सगळ्यात लवकर शिकला तो माझा समोरच्या घरातला मित्र. त्याचा हात असा होता की गाडी कधी धक्का खायची नाही. तो धुळ्याला कॉलेजात होता, सुट्टीत घरी आला की पिशवी ओट्यावर टाकून आधी माझ्याकडे यायचा आणि किल्ली मागायचा. घरात पाणी प्यायला नंतर.

पहिला निरोप मी नेला तो पहूरला. आमच्या भाऊबंदातली एक म्हातारी सकाळी गेली. तिची एकुलती मुलगी पहूरला दिलेली. पूर्वी असा निरोप घेऊन कुणीतरी एसटीने जायचं. दोन ठिकाणी गाडी बदलायची, परत येईपर्यंत दिवस कलायचा. त्या दिवशी जमलेली मोठी माणसं बोलता बोलता थांबली आणि सगळ्यांनी एकदम माझ्या ओट्याकडे पाहिलं. मला त्यात मोठेपणाच वाटला. गावात मयतीची सगळी व्यवस्था बघणारे एक वयस्कर गृहस्थ होते, सगळे त्यांना आबा म्हणत. त्यांनी मला बाजूला घेऊन समजावलं. "घरात पाय ठेवू नको. पानी पिऊ नको. तब्येत जास्त हाये, चला, एवढंच सांगजो. रस्त्यात काही बोलू नको. मांगे बसेल मानूस चक्कर येऊन पडते."

पहूरला ती बाई अंगणात मिरच्या निवडत होती. मी दारातूनच सांगितलं. तिने मिरच्या सुपात भरून आत ठेवल्या, लुगडं बदललं आणि मागे बसली. वाटेत तिने विचारलं, आई बोलते का. मी म्हणालो, बोलते. अजून थोड्या वेळाने तिने विचारलं, मला ओळखेल का. मी म्हणालो, ओळखेल. घर आलं तेव्हा माझा सदरा पाठीवर तिच्या मुठीत आवळून चुरगळला होता. ती उतरली आणि दारातली गर्दी पाहून माझ्याकडे वळली. मी गाडी लावायच्या निमित्ताने दुसरीकडे गेलो.

त्यानंतर ते माझं कामच झालं. आमच्या गावचं, मग शेजारच्या दोन गावांचं. यावल, चोपडा, भुसावळ, जामनेर, पारोळ्याच्या पुढचीही गावं. कुणाला नाही म्हणायची सोय नव्हती. मयतीच्या कामाला नाही म्हणणारा माणूस गावात राहू शकत नाही. पेट्रोलसुद्धा कुणी ना कुणी आणून ठेवायचं. मी शिकवलेल्या पोरांपैकी दोघांनी पुढे स्वतःच्या गाड्या घेतल्या होत्या, त्यांच्यावरही पाळी यायला लागली. एकाने चार-पाच निरोप नेले आणि गाडी मेहुण्याला देऊन टाकली. दुसऱ्याची गाडी नेमकी अशाच दिवशी बिघडलेली असायची. प्लग गेला, केबल तुटली. एकदा आबांनी स्वतः किक मारली तर गाडी पहिल्याच किकला सुरू झाली. तो पोरगा मान खाली घालून निरोपाला गेला, आणि पुढच्या महिन्यात त्याची गाडी विकायला निघाली.

लोक आम्हाला ओळखायला लागले होते. पारोळ्याच्या पलीकडे एका खेड्यात मी एका बाईला तिच्या आईचा निरोप द्यायला गेलो. ती दारातच उभी होती. मी ठरलेलं वाक्य म्हटलं. तिने माझ्याकडे नीट पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाली, "मायनी तब्येत ते दोन वरीसपासून जास्त शे. तेनाकरता कोनी गाडी धाडत नही. खरं सांग भाऊ, गयी ना मनी माय?" मी गाडी वळवून उभी केली. तिला आत जाऊन चूल विझवायची होती. तेवढं तिने केलं आणि आली.

माझ्या सख्ख्या चुलतबहिणीच्या लग्नाची पत्रिका घेऊन मी आत्याकडे गेलो, तर आत्या मला पाहून अंगणातच खाली बसली. मी लांबूनच पत्रिका वर करून दाखवली, कुंकवाचा शिंतोडा दाखवला. ती उठली, हसली, पण माझ्यासाठी वाढलेल्या ताटाजवळ ती नुसती बसून राहिली. घरी येऊन मी हे सांगितलं. त्यानंतर नानांनी शुभकार्याची सगळी आमंत्रणं एसटीने पाठवली.

तरीही तोपर्यंत पोरं शिकायला येत होती. कमी झाली होती, पण येत होती. ती थांबली माझ्या मित्राच्या वडिलांच्या, तात्यांच्या, वेळी.

उन्हाळा होता. ते सकाळी बागेत पाणी द्यायला गेले, छातीत कळ आली आणि बांधावरच गेले. वय पन्नासही नसेल. मित्र धुळ्याला, परीक्षा तोंडावर. मुलाशिवाय उचलायचं नाही असं ठरलं, भुसावळहून बर्फाच्या लाद्या आणायला ट्रॅक्टर गेला आणि मी धुळ्याला निघालो. निघताना आबांनी पुन्हा बजावलं. दीडेकशे किलोमीटरचा रस्ता, भर उन्हाचा. मी त्याच्या खोलीवर पोहोचलो तेव्हा दुपार झाली होती.

मला दारात पाहून तो घाबरेल असं मला वाटलं होतं. तो घाबरला नाही. निरोपाची गाडी दुसऱ्यांच्या घरी जाते, मित्राच्या खोलीवर मित्र येतो, एवढंच त्याच्या मनात असावं. त्याने आधी गाडीच्या टाकीवर हात फिरवला. मी म्हणालो, तात्यांची तब्येत जरा जास्त आहे, तुला बोलावलंय. तेव्हा त्याचा चेहरा उतरला. काय झालं, म्हणून त्याने विचारलं. मी म्हणालो, ऊन लागलं बहुतेक, सलाईन लावलंय. हे सलाईन मी तिथेच उभ्या उभ्या जुळवलं. त्याला धीर आला. ऊन लागणं हे आमच्याकडे दर उन्हाळ्यात कुणाला ना कुणाला होतंच. त्याने दोन कपडे पिशवीत भरले आणि बाहेर येऊन हात पुढे केला.

"किल्ली दे. तू इतक्या लांबून आलास. मागे बस आता."

मी नको म्हणालो. तो ऐकेना. माझे डोळे लाल झाले होते, हाताला मुंग्या आल्या होत्या, हे खरंच होतं. मागे बसलेला माणूस पडतो असं आबांनी सांगितलं होतं; पुढे बसणाऱ्याबद्दल कुणी काही सांगितलं नव्हतं. मी किल्ली दिली. यात माझी एक सोय होती, ती आता लिहून टाकतो. मागे बसलं की तोंड दाखवावं लागणार नव्हतं.

तो सुरेख चालवत होता. पारोळ्यापर्यंत वडिलांविषयी अधूनमधून विचारत राहिला. मग हळूहळू त्याचं बोलणं बदललं. परीक्षेनंतर एका ठिकाणी नोकरीचं जमण्यासारखं आहे, पहिल्या पगारातून नाही पण वर्षाभरात स्वतःची गाडी घेईन, तुझ्याहून मोठी. एरंडोलच्या पुढे रस्ता सरळ आणि मोकळा लागतो. तिथे त्याने गाडी पळवली. वाऱ्याने त्याचा सदरा फुगला आणि त्याने मागे वळून मला ओरडून विचारलं, "कशी चालतेय?" मी म्हणालो, "छान चालतेय." तो हसला. गाणं गुणगुणायला लागला.

जळगावला त्याने गाडी थांबवली. आजारी माणसाला भेटायला रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून मोसंबी घ्यायची होती. तो एकेक मोसंबी दाबून बघत होता. मी म्हणालो, उशीर होतोय, राहू दे. तो म्हणाला, तात्यांना मोसंबी लागतातच, तुला माहीत नाही का. मला माहीत होतं. तिथे सांगायला हवं होतं. तिथून गाव पन्नासेक किलोमीटर राहिलं होतं, गाडी मला चालवता आली असती. मी तोंड उघडलंही, पण समोर तो पिशवीत मोसंबी मोजत होता आणि माझ्याच्याने झालं नाही.

आम्ही गल्लीत शिरलो तेव्हा उन्हं उतरत होती. त्याने वळणावर वेग कमी केला, आणि समोर घरापुढे बांबू बांधून तयार होते. पांढऱ्या टोप्या घातलेली माणसं गाडीच्या आवाजाने उभी राहिली. त्याने गाडी थांबवली. इंजिन बंद केलं. पायाने स्टँड लावला, नेहमी लावायचा तसाच, आणि हँडल धरून तसाच बसून राहिला. त्याच्या आईने आतून टाहो फोडला तरी तो उतरेना. दोघांनी त्याची बोटं हँडलवरून सोडवली. हा सगळा वेळ गल्लीतली पोरं ओट्यांवरून पाहत होती.

तेराव्याला जेवणं उरकल्यावर तो माझ्या ओट्यावर आला. मी माफी मागायला लागलो, त्याने मला थांबवलं.

"तू खोटं बोललास त्याचं काही नाही. ते तुला सांगितलेलंच होतं. पण एरंडोलच्या पुढे मला मजा आली. बाप घरात बर्फावर होता आणि मला मजा येत होती. हे कुठे ठेवू सांग."

तो दुसऱ्या दिवशी एसटीने धुळ्याला गेला. पुढे तिथेच एका कचेरीत लागला. आईला घेऊन गेला, घराला कुलूप लागलं. मी धुळ्याला गेलो की तो भेटतो, चहा पाजतो, बोलतो. त्याने परत कधी मोटरसायकल चालवली नाही. मागेही बसत नाही. कचेरीत सायकलने जातो.

त्यानंतर शिकायला कुणी आलं नाही. पहिले काही महिने मला ते जाणवलंही नाही. दिवाळीच्या सुमारास मी गाडी धूत होतो आणि शेजारचा सतरा-अठरा वर्षांचा एक पोरगा जवळून चालला होता. मी त्याला हाक मारली, चल, शिकवतो. तो थांबला, गाडीकडे पाहिलं, आणि म्हणाला, "मले नही शिकनं. शिकलो का मलेच धाडतीन." मी म्हणालो, अरे, असं काय, गाडीची मजा वेगळी असते. मजा हा शब्द माझ्या तोंडून गेला आणि मी वळून परत गाडी धुवायला लागलो.

घराघरांत तसंच बोलणं व्हायला लागलं होतं. आया पोरांना शपथा घालत. एका सोयरिकीत मुलीकडचे मोटरसायकल द्यायला निघाले, तर नवरदेवानेच नको म्हणून सांगितलं. त्याऐवजी रंगीत टीव्ही आला. फैजपूरला गाड्यांच्या कंपनीचा माणूस मंडप टाकून बसला, आजूबाजूच्या गावांतल्या पोरांनी गाड्या नोंदवल्या, आमच्या गावातून कुणी फिरकलं नाही. सुरुवातीला शिकलेले सात-आठ जणही पांगले होते. दोघं सुरतेला, एक सैन्यात, एक जळगावच्या कारखान्यात. शेवटी गावात गाडी चालवता येणारा मी एकटा उरलो, आणि निरोप वाढतच होते.

मग एका पावसाळ्यात पहूरच्या रस्त्याला चिखलात माझी गाडी घसरली आणि डावं मनगट मोडलं. प्लास्टर घालून मी घरी बसलो. गाडी दुरुस्त होऊन आली, ओट्यासमोर उभी राहिली.

एक दिवस दहाच्या सुमारास मागच्या गल्लीतली एक सून बागेत पिलं काढताना ओरडली. पिलं म्हणजे केळीच्या बुडाशी फुटणारे कोंब. ते विळ्याने कापावे लागतात. तिच्या पायाला साप चावला होता. पंचवीस-सव्वीस वर्षांची, लहान मुलगी पदरात. तिला आमच्या गल्लीपर्यंत उचलून आणलं ते मोटरसायकल इथे आहे म्हणून. फैजपूरला सरकारी दवाखान्यात इंजेक्शन मिळत होतं. एसटी नुकतीच गेलेली. ट्रॅक्टर लांब शिवारात. केळीचा ट्रक त्या दिवशी नव्हता.

ओट्यासमोर आठ-दहा तरुण पोरं उभी होती. मी खुंटीवरून किल्ली काढली आणि विचारलं, कोण चालवतो. कुणी पुढे येईना. मी गाडीवर बसलो, डाव्या हाताने क्लच दाबायचा प्रयत्न केला. प्लास्टरमधून फक्त बोटांची टोकं बाहेर होती, क्लच दबेना. मी पोरांना म्हणालो, कुणीतरी माझ्यापुढे बसा, मी सांगतो तेव्हा नुसता क्लच दाबा. एक जण बसला. गाडी दोनदा उसळली आणि बंद पडली, तिसऱ्यांदा आम्ही दोघेही आडवे झालो. तिचा नवरा हे सगळं पाहत उभा होता. त्याने बैलगाडी जुंपली. केळीची पानं अंथरून तिला त्यावर निजवलं. मी बैलगाडीच्या मागे वेशीपर्यंत चालत गेलो. ती शुद्धीत होती, मुलीला दूध पाजून घ्या असं सासूला सांगत होती.

दीड तास लागला म्हणतात. दवाखान्याच्या अलीकडे, फैजपूरची घरं दिसायला लागल्यावर ती गेली. मोटरसायकलवर नेली असती तर वाचली असती की नाही, हे कोण सांगणार. डॉक्टरांनीही सांगितलं नाही, आणि नवऱ्याने विचारलं नाही.

तिच्या माहेरी निरोप घेऊन एक जण सायकलवर गेला.

माझं प्लास्टर निघाल्यावर काही दिवसांनी मी विहिरीवर मोटर चालू करायला गेलो होतो. तिथे त्या दिवशी ओट्यासमोर उभ्या असलेल्या पोरांपैकी एक माझी वाट पाहत बसला होता. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला. मग पाण्याकडे बघत म्हणाला, "मले येत व्हती गाडी."

मला आधी कळलंच नाही. तो सांगत गेला. मामाच्या गावी दोन उन्हाळे राहून तो शिकला होता, चांगली चालवत होता. घरी लपवलं होतं, कारण आईने शपथ घातली होती आणि गावात कळलं असतं तर आबांनी दुसऱ्याच दिवशी निरोपाला धाडलं असतं. मी किल्ली पुढे केली तेव्हा त्याला वाटलं, दुसरं कुणीतरी हात पुढे करेल. कुणी केला नाही. मग वाटलं, आता बोलावं. तोवर मी गाडीवर बसलो होतो. मग बैलगाडी निघाली. "मंग बोलता आलं नही," तो म्हणाला. "मंग कसं बोलू?"

मी त्याला रागावलो नाही. रागवायला मी कोण होतो. जळगावला मोसंबीच्या हातगाडीपाशी मीही असाच उभा राहिलो होतो. मी त्याला एवढंच म्हणालो की हे दुसऱ्या कुणाला सांगू नको. तो रडत होता. मग तोंड धुऊन गेला. वर्षभरातच तो सुरतेला गेला आणि तिकडचाच झाला.

त्र्याण्णव-चौऱ्याण्णवच्या आसपास गावातल्या किराणा दुकानात फोन आला. मग निरोप फोनवर यायला आणि जायला लागले. फोनवर तब्येत जास्त आहे असं कुणी म्हणत नाही; वेळेचं बिल पडतं, त्यामुळे अमुक गेले, इतक्या वाजता उचलणार, एवढं सांगून लोक ठेवून देतात. आबा तोवर राहिले नव्हते. मला कुणी बोलावेनासं झालं. मी गाडी विकायला काढली तेव्हा गावातल्या एकाही तरुणाने किंमतसुद्धा विचारली नाही. एक दूधवाला बाहेरगावाहून आला आणि घेऊन गेला.

ती साप चावलेली सून ज्या घरची, ते घर माझ्या शेताच्या वाटेवर आहे. तिच्या नवऱ्याने दुसरं लग्न केलं नाही. मुलगी आता शाळेत जाते, वेण्या घालून दारात बसलेली असते. तो मला हाक मारतो, मी थांबतो. केळीचं, पाण्याचं, विजेच्या भारनियमनाचं बोलतो. कधी तो त्या दिवसाचा विषय काढतो. म्हणतो, गावात एकाला जरी गाडी आली असती ना भाऊ. मी हो म्हणतो आणि पुढे निघतो.